फेटलिंग विभागातील एका सुपरवायझरचा कर्णनाद: कोल्हापुरातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील व्यक्तीचे नाव, राहण्याची नेमकी जागा आणि कारखान्याची ओळख पटेल असा तपशील बदललेला आहे. घरात आणि कारखान्यात त्यांना सगळे तात्या म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन वापरले आहे. माझा संबंध श्रवणतज्ज्ञ म्हणून आला; कर्णनादाच्या, म्हणजे बाहेर आवाज नसताना कान वाजत राहण्याच्या, तक्रारीमुळे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी त्यांना श्रवणचाचणीसाठी माझ्याकडे पाठवले होते.

तात्यांचे वय तेव्हा 54 वर्षे होते. मंगळवार पेठेत वडिलोपार्जित घर, पत्नी, बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा असे कुटुंब. शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत त्यांची पंचवीसहून अधिक वर्षे नोकरी झाली होती आणि ती जवळजवळ सगळी फेटलिंग विभागात. उसाच्या शेतीसाठी ऑइल इंजिने बनवता बनवता कोल्हापुरात जो फौंड्री व्यवसाय वाढला, त्याचा सर्वांत गोंगाटाचा कोपरा म्हणजे फेटलिंग. ओतलेले कास्टिंग थंड झाले की त्याचे रनर-रायझर (साच्यात धातू ओतण्याच्या वाटांत गोठलेले जादा तुकडे) तोडणे, हवेवर चालणाऱ्या चिपिंग हॅमरने कडा उडवणे आणि ग्राइंडरने पृष्ठभाग घासणे ही कामे तेथे होतात. अशा विभागात आवाज 100 डेसिबलच्या आसपास पोहोचणे नवलाचे नसते. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्याखालील मर्यादा आठ तासांसाठी 90 डेसिबल होती. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस त्याहून कडक, म्हणजे 85 डेसिबलची आहे आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होत जाते. या हिशेबाने 100 डेसिबलमध्ये कानाला संरक्षणाशिवाय जेमतेम पंधरा मिनिटे राहता येते.

कारखान्याने इअरप्लग दिलेले होते आणि तात्यांच्या गळ्यात ते दोरीला लटकलेले असत. पोरे काय सांगतात ते ऐकू आले पाहिजे, हे त्यांचे कारण. हे कारण खोटे नव्हते. सुपरवायझरचे निम्मे काम कानावर चालते आणि साधा फोमचा प्लग बोलणे व गोंगाट दोन्ही दाबून टाकतो.

आणखी एक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. चार वर्षांपूर्वी तात्यांची अँजिओप्लास्टी झाली होती आणि रक्तदाबाच्या गोळीबरोबर रोज 75 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चालू होते.

अडचणीची सुरुवात

अनंत चतुर्दशीच्या रात्री तात्या आपल्या तालमीच्या मंडळाबरोबर मिरवणुकीत होते. मिरजकर तिकटीपासून बिनखांबी गणेश मंदिर आणि महाद्वार रोडमार्गे पापाची तिकटीकडे जाणाऱ्या या मार्गाची रचना ज्यांना माहीत आहे, त्यांना वेगळे सांगायला नको: अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि मध्ये ट्रॅक्टर-ट्रॉलीवर रचलेली डॉल्बीची भिंत. मोकळ्या मैदानात विरून जाणारा आवाज येथे भिंतींवर आपटून परत येतो. तात्या सलग काही तास त्या भिंतीच्या जवळ होते, कारण गर्दी आवरण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी कान दडे बसल्यासारखे झाले आणि बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, डाव्या बाजूला अधिक. हे त्यांना नवीन नव्हते. पूर्वीही मिरवणुकीनंतर दोन दिवस कान वाजत आणि मग थांबत. मोठ्या आवाजानंतर आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी तात्पुरत्या थकतात आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत सावरतात. दरवेळी सावरतातच असे मात्र नाही, आणि प्रत्येक वेळी थोडे कायमचे नुकसान मागे राहू शकते. या वेळी आवाज थांबला नाही.

पुढचे काही आठवडे ज्या क्रमाने गेले तो क्रम आपल्याकडे इतका सर्रास दिसतो की तो नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते. पहिला आठवडा आपोआप जाईल या आशेत गेला. दुसऱ्या आठवड्यात बहिणीने लसूण घालून तापवलेले तेल कानात घातले. त्यानंतर नेहमीच्या डॉक्टरांनी मळ विरघळवण्याचे थेंब आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. मग मेहुण्यांच्या ओळखीने एका ठिकाणी चकरांसाठी वापरली जाणारी बीटाहिस्टीनची गोळी आणि गिंको या वनस्पतीच्या कॅप्सूल सुरू झाल्या, तात्यांना चकरा मुळीच येत नसताना. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ते पोहोचले तेव्हा सातवा आठवडा चालू होता.

पहिला निर्णायक टप्पा: हुकलेली मुदत

आवाजाच्या तक्रारीबरोबर एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले असेल, तर ती थांबून पाहण्याची गोष्ट नसते. 72 तासांच्या आत लगतच्या तीन कंपनसंख्यांवर 30 डेसिबल किंवा त्याहून अधिक ऱ्हास झाला असेल तर त्याला आकस्मिक श्रवणऱ्हास म्हणतात आणि त्यासाठी स्टेरॉइडचा विचार करायचा तो पहिल्या दोन आठवड्यांत. तात्यांच्या डाव्या कानाचे नुकसान त्या एका रात्रीत वाढले होते की वर्षानुवर्षे साचलेले होते, हे सातव्या आठवड्यात कोणालाच सांगता येणे शक्य नव्हते, कारण तुलनेसाठी आधीचा एकही ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, नव्हता.

तो असायला हवा होता. कारखान्यात दर वर्षी आरोग्य तपासणी होत असे आणि तात्यांनी जपून ठेवलेल्या कागदांवर ‘श्रवण: सामान्य’ अशी नोंदही होती. ती नोंद कोणत्याही यंत्रावर मोजून केलेली नव्हती. नाव पुकारल्यावर माणूस उठून उभा राहिला यावरून केलेली होती. उच्च कंपनसंख्यांचा ऱ्हास अशा तपासणीत कधीच सापडत नाही, कारण बोलण्यातील स्वर खालच्या कंपनसंख्यांत असतात आणि तेथे कान शाबूत असतो. आवाजामुळे होणारा श्रवणऱ्हास हा 1948 च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीतील अधिसूचित व्यावसायिक आजार होता. ज्या आजाराची नोंद कायद्याने मागितली होती, तो मोजण्याची सोयच तपासणीत नसावी, ही व्यवस्था मला कागदी वाटते.

तपासण्या आणि त्यांचा अर्थ

तज्ज्ञांनी कानाचा पडदा पाहिला, ट्यूनिंग फोर्कने चाचणी केली आणि काही नेमके प्रश्न विचारले. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का? चकरा, चेहऱ्याचा अशक्तपणा, कानातून स्राव? अलीकडे कोणती इंजेक्शने किंवा औषधे घेतली? ठोक्याबरोबर येणारा आवाज रक्तवाहिन्यांच्या तपासणीकडे नेतो, तर जेन्टामायसिन किंवा अमिकासिन यांसारखी काही प्रतिजैविके आतल्या कानाला इजा करू शकतात. तात्यांच्या बाबतीत या सर्व प्रश्नांची उत्तरे नकारार्थी होती.

ऑडिओग्राममध्ये 1000 हर्ट्झपर्यंत दोन्ही कान सामान्य होते. त्यानंतर आलेख घसरत 4000 हर्ट्झला उजवीकडे 50 आणि डावीकडे 65 डेसिबलपर्यंत गेला आणि 8000 ला किंचित वर आला. ही 4000 हर्ट्झची खाच म्हणजे गोंगाटाची सही आहे. चाचणीच्या बंद खोलीत बसल्यावर तात्या घाबरले, कारण तेथे कानातला आवाज कधी नव्हे इतका मोठा वाटला. त्यांना तेव्हा एक जुना प्रयोग सांगितला. 1953 मध्ये अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तर त्यांपैकी 94 टक्क्यांना कोणता ना कोणता आवाज ऐकू आला. म्हणजे अशा खोलीत आवाज मोठा वाटला याचा अर्थ आजार वाढला असा होत नाही.

कानातल्या आवाजाशी जुळणारा स्वर शोधला असता तो 6000 हर्ट्झच्या आसपास मिळाला आणि त्याची तीव्रता, त्या कंपनसंख्येवर त्यांना जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीपेक्षा फक्त 8 डेसिबलने अधिक निघाली. पहिल्यांदा हे ऐकणाऱ्यांना बहुधा ते खरे वाटत नाही. तात्यांनाही वाटले नाही. त्यांच्या लेखी तो आवाज ग्राइंडरइतका होता. टिनिटसचा, म्हणजे कर्णनादाचा, त्रास मोजण्यासाठी 25 प्रश्नांची एक प्रश्नावली 1996 पासून जगभर वापरली जाते. तिचे गुण 0 ते 100 असतात. तात्यांचे गुण 66 आले, म्हणजे तीव्र श्रेणी.

दोन कानांतील फरकामुळे तज्ज्ञांनी एमआरआय सुचवला. ऐकण्याच्या मज्जातंतूवर वाढणारी सौम्य गाठ क्वचितच सापडते, तरी असा फरक असताना ती नाकारणे योग्य असते. गाठ नव्हती. परंतु अहवालात मज्जातंतूजवळून रक्तवाहिनीचे एक वळण जात असल्याचा उल्लेख होता. मुलीने तो वाचला, मोबाइलवर शोधले आणि त्या रात्री घरात शस्त्रक्रियेची चर्चा सुरू झाली. असे वळण कसलीही तक्रार नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्ये दिसते आणि टिनिटसशी त्याचा पक्का संबंध दाखवता आलेला नाही. तज्ज्ञांनी हे दुसऱ्या भेटीत समजावले, पण दोन भेटींच्या मधल्या दिवसांत तात्यांची उरलीसुरली झोपही गेली. तपासणीला पाठवतानाच ‘अहवालात अशी एखादी निरुपद्रवी नोंद येऊ शकते’ एवढे वाक्य सांगितले गेले असते तर हे टळले असते.

दुसरा निर्णायक टप्पा: बंद केलेली गोळी

मी औषधांची यादी पुन्हा विचारली तेव्हा काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, म्हणाल्या, “ती हृदयाची बारकी गोळी यांनी बंद केलीया. कुणीतरी सांगितलं, त्यानंच कान वाजतो म्हणून.”

अ‍ॅस्पिरिनने कानात आवाज येऊ शकतो हे खरे आहे, पण तो सांधेदुखीसाठी पूर्वी दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत. हृदयासाठीच्या 75 मिलिग्रॅमच्या मात्रेत तशी शक्यता फार कमी असते. उलट स्टेंट बसवलेल्या माणसाने अ‍ॅस्पिरिन स्वतःहून थांबवणे थेट जिवाशी खेळ ठरू शकते. त्याच दिवशी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन झाला आणि गोळी पुन्हा सुरू झाली. या प्रकरणातील सर्वांत धोकादायक निर्णय कानाशी संबंधित नव्हता आणि तो कोणालाही न विचारता घेतला गेला होता. टिनिटसच्या रुग्णाला ‘कोणती औषधे घेता’ एवढे विचारून भागत नाही. ‘कोणते औषध बंद केले का’ हेही विचारावे लागते.

अडचणीचे खरे स्वरूप

तोपर्यंत दिवाळी होऊन गेली होती. पाऊस संपलेला, थंडीमुळे पंखे बंद आणि पेठेतल्या गल्लीत रात्री अकरानंतर शांतता. तात्यांना दिवसा कारखान्यात आवाज जाणवत नसे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तो सुरू होई. ते उठून गच्चीवर बसत, पहाटे दोन तास झोपत आणि तशाच अवस्थेत पहिल्या पाळीला जात. चिडचिड वाढली होती. लग्नसमारंभ त्यांनी टाळायला सुरुवात केली होती. आणखी एक सवय लागली होती: आवाज अजून आहे का, हे ते दिवसातून अनेकदा शांत जागी जाऊन, श्वास रोखून तपासत असत. कान जपायचा म्हणून घरातही कापसाचे बोळे घालून बसत. कापूस गोंगाटापासून फारसे संरक्षण देत नाही. घरात मात्र बाहेरचे मंद आवाज तेवढे कमी करतो, म्हणजे आतला आवाज उठून दिसण्याची पुरेपूर सोय करतो.

काकू बाहेर गेल्यावर मी त्यांना सरळ विचारले की जगणे नकोसे वाटते का. “कधी कधी वाटतं, यापरीस सुटलेलं बरं,” असे ते म्हणाले. हा प्रश्न विचारल्याने असा विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यामुळेच त्यांना त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांची भेट मिळाली, घरच्यांना लक्ष ठेवता आले आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक मुलीने त्यांच्या मोबाइलमध्ये साठवला. या प्रकरणातील माझ्या बाजूचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणता, असे कोणी विचारले तर मी श्रवणयंत्राच्या आधी या प्रश्नाचे नाव घेईन.

विचारात घेतलेले पर्याय

काही पर्याय लगेच बाजूला झाले. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना गिंको, मेलाटोनिन आणि झिंक यांची शिफारस करू नये असे सांगतात. केवळ टिनिटससाठी म्हणून नैराश्याची किंवा चिंतेची औषधे सरसकट देऊ नयेत असेही सांगतात. बीटाहिस्टीनचाही टिनिटसवर उपयोग दिसून आलेला नाही. ही औषधे तज्ज्ञांनी थांबवली. लेझरने ‘मुळापासून’ आवाज घालवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या एका जाहिरातीसाठी मेहुणे पैसे भरायला तयार होते. कायमच्या टिनिटसला मुळापासून घालवणारा सिद्ध उपचार आज उपलब्ध नाही, हे त्यांना समोर बसवून सांगावे लागले. ते नाराज झाले. ओल्या डोळ्यांनी बसलेल्या दाजींसमोर हे बोलायला नको होते, असेही म्हणाले. पण हजारो रुपये भरून काही महिन्यांनी हेच ऐकण्यापेक्षा तेव्हा ऐकलेले बरे, असे माझे मत होते आणि आहे.

झोपेच्या गोळ्यांचा पर्याय खरोखर अवघड होता. झोप नसेल तर दुसरा कोणताही उपाय लागू पडत नाही. दुसरीकडे क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची सवय लागते आणि त्या अचानक थांबवल्या की टिनिटस उफाळल्याची तक्रार येते. मनोविकारतज्ज्ञांनी तात्यांना नैराश्य असल्याचे निदान केले आणि त्यासाठी, टिनिटससाठी नव्हे, औषध सुरू केले. झोपेची गोळी अगदी थोड्या काळासाठी आणि थांबवण्याची तारीख आधीच ठरवून दिली.

नोकरी सोडावी का, यावर घरात बराच वाद झाला. मुलाचे म्हणणे होते की लगेच सोडा. काकूंना वाटत होते की दिवसभर घरी शांत बसल्यावर त्यांचे आणखीच बिघडेल, आणि या बाबतीत काकूंचे निरीक्षण आमच्या शास्त्राच्या जवळ होते. भरपाईसाठी दावा करण्याचाही विचार झाला. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोषाची गणना बोलण्याच्या कंपनसंख्यांवरील 60 डेसिबलपासून पुढे सुरू होते; तात्यांचा ऱ्हास वरच्या कंपनसंख्यांत होता आणि टिनिटस स्वतंत्रपणे त्यात मोजला जात नाही. कामगार म्हणून दावा करण्याची वाट वेगळी होती, ती खुली होती. पण चार वर्षांनी निवृत्त होणाऱ्या माणसाला कारखान्याशी भांडण नको होते. तात्यांनी तो मार्ग सोडला. निर्णय त्यांचा होता, म्हणून मी त्यावर अधिक बोललो नाही.

प्रत्यक्ष कृती

‘याची सवय करून घ्या’ हे वाक्य तात्यांनी तोवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी ऐकले होते. ते वाक्य चुकीचे नाही, अपुरे आहे. सवय कशी होते आणि कशाने अडते, हे सांगितले नाही तर रुग्णाला त्याचा अर्थ ‘आता तुमचे तुम्ही पाहा’ असाच लागतो. म्हणून पहिल्या भेटीतला मोठा भाग समजावण्यात गेला. आतल्या कानाकडून वरच्या स्वरांची माहिती येईनाशी झाली की मेंदू त्या पट्ट्यातली स्वतःची संवेदनशीलता वाढवतो, आणि त्यातून आवाज जाणवतो, असे आज मानले जाते. तो त्रासदायक ठरतो तो मेंदूने त्याला धोक्याची सूचना मानल्यामुळे. टिनिटसचे संशोधक पावेल यास्त्रेबॉफ यांनी 1990 मध्ये मांडलेल्या प्रारूपाचा गाभा हाच आहे.

हे तात्यांना पटले ते त्यांच्याच कामाच्या उदाहरणाने. एवढ्या गोंगाटात ग्राइंडरचा दगड तडकल्याचा बारीक आवाज सुपरवायझरला विभागाच्या दुसऱ्या टोकाला उभे असताना कळतो, कारण तो आवाज महत्त्वाचा आहे हे त्याच्या मेंदूने ठरवून ठेवलेले असते. शेजारचे चिपिंग मात्र त्याला ऐकूच येत नाही. कानातल्या शिट्टीला मेंदूने तडकलेल्या दगडाच्या यादीत घातले होते. ते चिपिंगच्या यादीत कसे जाईल, एवढाच आता प्रश्न होता. शांत जागी जाऊन आवाज तपासण्याची सवय का मोडायची, हे यानंतर वेगळे सांगावे लागले नाही.

रात्रीसाठी उपाय साधा ठेवला. खोली पूर्ण शांत ठेवायची नाही. उशाशी मोबाइलवर पावसाचा आवाज, तोही कानातला आवाज पूर्ण झाकणार नाही इतका हळू. झाकून टाकला तर मेंदूला तो ऐकूनही सोडून देण्याची संधी मिळत नाही. तात्यांनी पहिल्या आठवड्यात पाऊस मोठ्याने लावला, काकूंची झोप गेली आणि तक्रार माझ्यापर्यंत आली. मग उशीत बसणारा छोटा स्पीकर आणला. वेळेवर उठणे, दुपारी न झोपणे आणि झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत न पडणे, हे मनोविकारतज्ज्ञांनी लावून दिले. त्यांच्याच केंद्रातील मानसशास्त्रज्ञांकडे बोधात्मक वर्तन उपचाराच्या, म्हणजे त्रास वाढवणारे विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचाराच्या, बैठका झाल्या. टिनिटसचा त्रास कमी करण्यासाठी ज्या मोजक्या उपचारांच्या बाजूने चांगला पुरावा आहे, त्यांत हा उपचार आघाडीवर आहे. ‘हा आवाज वाढत जाऊन मी बहिरा होणार’ हा विचार तात्या रोज करत होते आणि कोणालाही सांगत नव्हते, हे या बैठकांतच बाहेर आले.

श्रवणयंत्राला मात्र त्यांनी महिनाभर नकार दिला. “मशीन लावलं की माणूस म्हातारा झाला म्हणत्यात,” हे कारण. ऐकण्याची तक्रार त्यांनी स्वतः कधीच केली नव्हती. ती काकूंची होती, टीव्हीच्या आवाजाबद्दलची. येथे आम्ही खरेदीचा विषयच काढला नाही. टोकाला कान बंद न करणारी छोटी मऊ टोपी असलेले, कानामागे बसणारे यंत्र दोन्ही कानांना लावून घरी वापरायला दिले. वरच्या स्वरांची उणीव भरून निघाली की मेंदूला आतला आवाज शोधण्याचे कारण कमी होते, असा त्यामागचा विचार. काही दिवसांनी ते आले तेव्हा टिनिटसबद्दल काही बोलले नाहीत. मुलगी स्वयंपाकघरातून बोललेले कळते, एवढेच म्हणाले. यंत्रे घेण्याचा निर्णय तेथेच झाला. दोन यंत्रांचा खर्च तात्यांच्या काही महिन्यांच्या पगाराइतका होता आणि मुलाने त्यातील मोठा वाटा उचलला. ज्या घरांत असा मुलगा नसतो, त्यांच्याशी हे संभाषण अधिक कठीण होते.

कारखान्यात तात्यांनी स्वतः व्यवस्थापकांना ऑडिओग्राम दाखवला. त्यांना फेटलिंगमधून तयार मालाच्या तपासणीकडे हलवण्यात आले. फेटलिंगमध्ये जावे लागले तर कानावर इअरमफ, आणि यंत्रे काढून डबीत. घरातले कापसाचे बोळे बंद.

निष्पत्ती

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. फेब्रुवारीत सर्दीने कान बंद झाले आणि आवाज पुन्हा चढला. तात्यांना वाटले सगळे पाण्यात गेले. मार्च महिना झोपेच्या गोळीशिवाय पार पडला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि घराच्या पत्र्यावरच्या आवाजात त्यांना आठवडेच्या आठवडे टिनिटसची आठवण झाली नाही. त्याच सुमारास बहिणीने एक काढा सुरू केला होता आणि सगळे श्रेय काढ्याला गेले. टिनिटस स्वभावतःच कमी-जास्त होत असतो आणि माणूस उपचार शोधतो तो नेमका तो वाढलेला असताना. पुढची उतरण मग हातात असलेल्या उपायाच्या नावावर जमा होते. काढ्यात हानिकारक काही नव्हते, म्हणून आम्ही वाद घातला नाही.

प्रश्नावलीचे गुण तीन महिन्यांनी 44 आणि वर्षाच्या शेवटी 26 होते. या प्रश्नावलीत 7 गुणांचा फरकही अर्थपूर्ण मानला जातो. त्याच वेळी स्वर जुळवण्याची चाचणीही पुन्हा केली. आवाज 6000 हर्ट्झच्याच आसपास होता आणि तीव्रता 8 च्या जागी 7 डेसिबल. ऑडिओग्रामही तसाच. मोजता येण्यासारखा आवाज जवळजवळ जागेवर होता आणि माणूस रात्री सहा तास झोपत होता. तात्यांना हे दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले, कारण अजून आवाज येतो म्हणजे उपचार फसला, असे त्यांना मधूनमधून वाटत असे.

पुढच्या गणेशोत्सवाचा निर्णय त्यांनी आधीच घेतला होता. मंडळाच्या कामातून अंग काढून घ्यायचे नाही, पण रात्रीची बंदोबस्ताची जबाबदारी घ्यायची नाही. विसर्जनाच्या दिवशी ते सकाळी पालखी आणि पारंपरिक वाद्ये असताना मिरवणुकीत होते आणि संध्याकाळी डॉल्बी सुरू होण्याआधी घरी आले. खिशात इअरप्लग होते. पुढच्या पिढीने त्यांची थट्टा केली, असे त्यांनी हसून सांगितले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठा फरक पहिल्या आठवड्यातील ऑडिओग्रामने पडला असता. गोंगाटानंतर कानातला आवाज किंवा दडा दोन दिवसांत गेला नाही, आणि विशेषतः तो एकाच कानात असेल, तर तेल, थेंब आणि जीवनसत्त्वे यांच्या आधी श्रवणचाचणी हवी. नेहमीच्या डॉक्टरांकडे हे यंत्र नसते, पण पाठवण्याचा निर्णय त्यांच्या हातात असतो. आमच्या बाजूने, श्रवणयंत्राची चाचणी महिनाभर लांबली ती तात्यांच्या नकारामुळे असे म्हणणे सोपे आहे. मुलगी आणि काकू यांना पहिल्याच भेटीत खोलीत बसवून, त्यांचे म्हणणे तात्यांसमोर ऐकले असते तर तो काळ कमी झाला असता असे मला वाटते. पुढील रुग्णांबाबत आम्ही तसे करतो.

फोमच्या प्लगऐवजी, बोलणे ओळखू येईल इतपतच आवाज उतरवणारे फिल्टरचे प्लग सुपरवायझरांना सुरुवातीपासून मिळाले असते तर ते गळ्यात लटकत राहिले नसते. त्यांची किंमत फोमच्या प्लगपेक्षा अधिक असते, पण एका जोडी श्रवणयंत्राच्या तुलनेत किरकोळ.

मिरवणुकीबद्दल एवढेच. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहानंतरची सवलत वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस आणि तीही बारापर्यंतच देता येते. सवलत वेळेची असते, तीव्रतेची नसते. मंडळांच्या बैठकांत हा फरक मांडणारा माणूस क्वचितच असतो. तात्या आता त्यांच्या मंडळात तो मांडतात, त्याचा परिणाम मात्र अजून दिसलेला नाही.

त्यांच्या विभागातील काही सहकारी नंतर स्वतःहून तपासणीसाठी आले. त्यांतील बहुतेकांच्या ऑडिओग्राममध्ये 4000 हर्ट्झची खाच आहे आणि एकालाही अद्याप कानात आवाज येत नाही. त्यांच्यासाठी इअरमफ आणि दर वर्षीची मोजून केलेली श्रवणचाचणी यांची लेखी मागणी कारखान्याकडे गेली आहे. इअरमफ आले, चाचणीचे उत्तर यायचे आहे. तात्यांची पुढील तपासणी सहा महिन्यांनी ठेवली आहे.